सत्ताविसावी प्रश्नावली

९ जानेवारी

सर्वप्रथम क्षमा मागते. कोणाची, ते मला नीट ठाऊक नाही, कारण ही वही माझ्याखेरीज कोणी वाचणार नाही. पण न मागता सुरुवात करणे उद्धटपणाचे वाटते. दैनंदिनी त्यांनी लिहावी ज्यांच्या आयुष्यात काही घडते, अशी माझी समजूत आहे. माझ्या आयुष्यात आजवर परीक्षा आणि त्यांचे निकाल यांपलीकडे काही घडलेले नाही. वर्गात मी बोलत नाही. गटचर्चेत माझ्या वाट्याची दोन मिनिटे मी मान डोलावण्यात घालवते. तेव्हा जे तोंडून निघत नाही ते निदान कागदावर तरी निघावे, एवढाच या धाडसाचा हेतू.

आज प्रकल्पाचे विषय जाहीर झाले. व्यवसाय व्यवस्थापनाच्या दुसऱ्या वर्षाला, मनुष्यबळ शाखेत, प्रत्येकाने एखाद्या खऱ्या कामाच्या जागी जाऊन अभ्यास करायचा असतो. ज्यांचे वडील, काका, मामा मोठ्या कचेऱ्यांत आहेत त्यांच्या जागा आधीच ठरल्या होत्या. माझा विषय तयार होता, जागा नव्हती.

घरी येऊन आत्याला सांगितले. तिने ऐकून घेतले असे वाटले नाही, ती माझ्या तोंडाकडे एकटक बघत राहिली आणि मग म्हणाली, "मोठ्याने बोल जरा. उद्या मॅनेजर होशील, तेव्हा कामगारांच्या कानात जाऊन कुजबुजणार आहेस का?" मी पुन्हा, मोठ्याने सांगितले. ती हसली. तिच्या कारखान्यात मनुष्यबळ अधिकारी आहेत, त्यांना उद्या विचारते म्हणाली.

१४ जानेवारी

परवानगी मिळाली. आत्या चिनी मातीच्या कपबश्यांच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे, एकतीस वर्षे. मी दोन वर्षे तिच्या घरात राहते आहे आणि ती दिवसभर काय करते ते आज प्रथम पाहिले.

भट्टीतून निघालेले कप लाकडी तबकांतून येतात. बावीस बायका लांबलचक टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसतात. डाव्या हाताच्या बोटांवर कप तोलायचा, उजव्या हातातली छोटी काठी त्याच्या काठावर हलकेच मारायची. धड कप खणखणतो. डोळ्यांना न दिसणारी चीर असेल तर आवाज बद्द येतो, आणि तो कप खालच्या पिंपात जातो. आत्याच्या तबकातून गेलेला चिरका कप गिऱ्हाइकाकडून परत आल्याचे गेल्या कित्येक वर्षांत घडलेले नाही, असे पर्यवेक्षकांनी मला मुद्दाम सांगितले. मला अभिमान वाटला.

मनुष्यबळ अधिकाऱ्यांना सगळे नुसते 'साहेब' म्हणतात. त्यांनी मला चहा पाजला, 'तुम्ही' म्हटले, आणि प्रश्नावलीला पूर्ण मोकळीक दिली. एवढ्या मोठ्या हुद्द्याचा माणूस इतका नम्र असू शकतो हे पाहून मला स्वतःच्या भित्रेपणाची लाज वाटली.

२० जानेवारी

प्रश्नावली तयार झाली. एकूण बत्तीस प्रश्न. पहिल्या एकतीस प्रश्नांना 'पूर्ण सहमत' पासून 'पूर्ण असहमत' पर्यंत पाच चौकोन. शेवटचा प्रश्न माझा स्वतःचा आहे, कोणत्याही पुस्तकातला नाही: 'तुमच्या कामात अशी कोणती अडचण आहे, जी तुम्ही आजवर कोणालाही सांगितलेली नाही?' मार्गदर्शक सरांनी तो वाचून भुवया उंचावल्या आणि म्हणाले, "याला उत्तर कोण देणार?" मी म्हटले, विश्वास वाटला तर देतील. बहुधा त्यांना ते ऐकू गेले नाही.

विश्वास वाटावा म्हणून पहिल्या पानावर चौकट टाकली: 'आपले नाव लिहू नये. आपण दिलेली माहिती पूर्णपणे गोपनीय राहील.' हे वाक्य मात्र पुस्तकातले.

२८ जानेवारी

कारखान्यात मला 'पंडित' हे नाव पडले आहे. ते आत्याचेच काम. जेवणाच्या सुट्टीत प्रश्नावल्या वाटल्या. पॅकिंग विभागातल्या एक काकू आहेत, त्यांना सगळ्या 'रेडिओ' म्हणतात, कारण त्या सुरू झाल्या की बंद करण्याचे बटण सापडत नाही. त्यांनी माझा बत्तिसावा प्रश्न मोठ्याने वाचून दाखवला आणि विचारले, "म्हणजे नवऱ्याची तक्रार पण चालेल?" कोणीतरी म्हणाले, त्याला पुरवणी लागेल.

पुष्कळ जणींना लिहिण्याचा कंटाळा. त्यांनी शेजारणीकडून लिहून घेतले. आत्याही कोपऱ्यात एका नव्या मुलीकडून लिहून घेताना दिसली. जाताना घडी घातलेला कागद तिने स्वतःच्या हाताने पेटीत टाकला आणि माझ्याकडे बघून पेटीवर दोनदा टकटक केली. मला वाटले, चेष्टा करते आहे.

५ फेब्रुवारी

एकूण एकशे बारा प्रश्नावल्या परत आल्या. शेवटचा प्रश्न बहुतेकांनी कोरा सोडला आहे. पाच जणांनी मात्र खरोखरीच काही लिहिले आहे. सत्ताविसावी प्रश्नावली मी पुन्हा पुन्हा वाचली. जशीच्या तशी उतरवते:

'उजव्या कानाने चार वर्षं ऐकू येत नाही. डावा पण उतरत चाललाय. काठी मारते ती दाखवायला. चिरलेला कप बोटांना कळतो. धड कपाची थरथर बोटात सगळीकडून सारखी येते, चिरक्याची मध्येच तुटते. म्हणून काम अडत नाही. पण रोज भीती वाटते. इथे कोणाला माहीत नाही. घरी पण नाही.'

काय विलक्षण माणूस असेल ही! पुस्तकांत ज्याला 'अव्यक्त कौशल्य' म्हणतात त्याचे यापेक्षा चांगले उदाहरण मी वाचलेले नाही. शेवटच्या तीन शब्दांनी मात्र मन खिन्न झाले. घरच्यांना कळू नये? कसली माणसे असतील ती!

आत्याला हे सांगावेसे फार वाटले, पण गोपनीयतेचे बंधन आहे. ती स्वयंपाक करत असताना मी मागून दोनदा हाक मारली, तिने ओ दिली नाही. मग समोर आली तेव्हा सहज विचारते तसे विचारले, "वाचून झाले का ग कागद?" मी हो म्हटले. ती थांबली. मी आकडेवारीबद्दल सांगू लागले. तिने सगळे ऐकले आणि पोळपाट धुवायला घेतला.

१७ फेब्रुवारी

विश्लेषण चालू आहे. आत्या अलीकडे चिडचिडी झाली आहे. माझी खुर्ची तिने टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, आपल्या डाव्या हाताला हलवली. म्हणे इकडे उजेड बरा आहे. मला तरी फरक दिसत नाही. दाराची घंटा वाजली की उठायचे काम आता कायमचे माझे. दोनदा तिने पुन्हा प्रकल्पाचा विषय काढला. "त्या पाच जणांनी काय लिहिलं असेल ग?" मी हसून म्हटले, आत्या, ते मला सांगता येत नाही, मी शब्द दिला आहे. ती म्हणाली, "बरोबर आहे. शब्द दिला की पाळावा." आणि माझ्या केसांवरून हात फिरवला. किती समजूतदार आहे ती.

४ मार्च

मसुदा सरांना आवडला. मात्र परिशिष्ट अपुरे आहे म्हणाले. परिशिष्टाला दहा गुण असतात. पाच मोकळी उत्तरे नुसती छापून चालणार नाहीत, प्रत्येकापुढे प्रतिसादकाची पार्श्वभूमी हवी, नाहीतर परीक्षक विचारतील की ही उत्तरे तुम्ही घरी बसून लिहिलीत कशावरून. त्यांचे म्हणणे रास्त आहे. मी परिशिष्ट 'क' केले. प्रत्येक उत्तरापुढे प्रश्नावलीच्या शेवटच्या पानावर भरून घेतलेली माहिती: विभाग, स्त्री की पुरुष, वयोगट, सेवेची वर्षे. प्रश्नावलीचे क्रमांक मात्र आठवणीने काढून टाकले, म्हणजे गोपनीयता राहील. तक्ता इतका नेटका दिसतो की मी तो तीनदा पाहिला.

११ मार्च

साहेबांनी मसुदा मागितला. विद्यापीठाला देण्यापूर्वी एकदा नजर घालतो म्हणाले. ते साहजिकच आहे, त्यांचा कारखाना. आज त्यांनी बोलावले. पन्नास पानांचा अहवाल त्यांनी पूर्ण वाचला होता, असे कोणी करते का? परिशिष्टात तर पेन्सिलीच्या खुणा होत्या.

म्हणाले, "घरचं माणूस असूनही तुम्ही काही लपवलं नाहीत. हे मला विशेष आवडलं. अशी निःपक्षपाती माणसं या क्षेत्रात मिळत नाहीत." आत्याच्या विभागाला मी झुकते माप दिले नाही, असे त्यांना म्हणायचे असावे. मग म्हणाले, निकाल लागला की आमच्याकडे अर्ज करा, जागा निघणार आहे.

मी परत येताना रस्ताभर एकटीच हसत होते. घरी आत्याला सांगितले, आणि या वेळी पहिल्यांदाच मोठ्याने सांगितले. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

१९ मार्च

कारखान्यात आरोग्य शिबिर घेतले गेले. माझ्या शिफारशींमध्ये चौथ्या क्रमांकावर नेमके हेच होते! अभ्यासाचा माणसांना उपयोग होतो तो असा. सरांना कळवले, त्यांनी सादरीकरणात हे आवर्जून सांगायला सांगितले.

आत्या आज दुपारीच घरी आली होती. डोके दुखते म्हणाली.

२६ मार्च

आत्या आठवडाभर घरी आहे. साठलेली रजा संपवते आहे, असे सांगते. कपाट आवरून झाले, माळा आवरून झाला, काल तिने पडद्यांची शिवण उसवून पुन्हा घातली. आज मी विद्यापीठातून आले तेव्हा ती स्वयंपाकघरात बसून घरातले आठही कप एकेक करून बोटांवर तोलत होती. मला पाहून तिने ते घाईने फळीवर ठेवले. मी विचारले, काय करतेस? म्हणाली, "काही नाही ग. सवय."

मला काहीतरी उमजायला हवे होते. ते मी आज लिहिते आहे, पण अजून त्याला नाव देत नाही. सादरीकरणाची तयारी राहिली आहे.

२ एप्रिल

रेडिओकाकू आल्या होत्या. आत्या दुकानात गेलेली. त्या बसल्या नाहीत, आणि पहिली काही मिनिटे बोलल्याही नाहीत, त्यावरूनच मी घाबरले.

म्हणाल्या, "शिबिर शिबिर म्हणाले, आणि तपासणीतून एकटीलाच आत बोलावलं. कानाला यंत्र लावलं. बाहेर आली ती सरळ डबा उचलून निघाली. तुला खरंच काही सांगितलं नाही तिनं?"

मी मान हलवून नाही म्हटले. पुढचे आत्याने नंतर त्यांना एकट्यांनाच सांगितले होते, कोणाला सांगायचे नाही या अटीवर. नियमात आहे म्हणे, तपासणीला बसणाऱ्याचा कान शाबूत पाहिजे. साहेब वाईट वागले नाहीत, खुर्ची दिली, पाणी दिले, आणि स्वेच्छानिवृत्तीचा कागद पुढे ठेवला. आत्याने विचारले होते, मला शंभर कप आणून द्या, एक जरी चिरका सुटला तर जाते. साहेब म्हणाले, प्रश्न कपांचा नाही, नियमाचा आहे. मग तिने आणखी एकच विचारले, भाचीच्या नोकरीला यामुळे काही अडचण येणार नाही ना? ते म्हणाले, उलट. आणि तिने सही केली.

काकू गेल्यावर मी परिशिष्ट 'क' उघडले. तिसरी ओळ. तपासणी विभाग. स्त्री. वयोगट पन्नास ते पंचावन्न. सेवा एकतीस वर्षे. बावीस बायकांत एकतीस वर्षे झालेली एकच आहे. त्या तक्त्यात नावाखेरीज सगळे होते. कोणाच्या घरचा पत्ता द्यायचा आणि वर दाराचा क्रमांक तेवढा खोडायचा, तसे. आणि ते मी केले, दहा गुणांसाठी, नेटक्या रेघा मारून.

ते वाक्य पुन्हा वाचले. 'घरी पण नाही.'

३ एप्रिल

आज तिच्याशी बोलले. तिच्या डाव्या बाजूला नव्हे, समोर बसले, म्हणजे तिला माझे ओठ दिसतील. एवढी साधी गोष्ट करायला मला दोन वर्षे लागली.

मी क्षमा मागितली. नीट मागता आली नाही, वाक्य तीनदा तुटले. तिने पुरे करू दिले. रागावली नाही, रागावली असती तर मला काही आधार तरी मिळाला असता.

मी विचारले, तू ते लिहिलेसच कशाला? कोरे सोडायचे होते, सगळ्यांनी सोडले तसे.

आत्या टेबलक्लॉथवरची सुरकुती पुसत होती. मग म्हणाली, "तोंडाने सांगायला जमत नव्हतं. तुझ्या बापाला कळलं असतं तर तो म्हणाला असता, सोड नोकरी, ये इकडे. म्हटलं, पोरगी एवढी वाचते, हे पण वाचेल. वाचलंस की ओळखशील, आणि मला विचारशील. म्हणजे मला सांगावं लागणार नाही."

मी टेबलावरचा तिचा हात धरला.

"रोज वाट बघायचे ग. आज विचारेल, उद्या विचारेल. मग तू म्हणालीस, शब्द दिलाय. मला वाटलं, ओळखलंय पोरीने, पण शब्दाला जागते आहे. बरंच वाटलं मला."

म्हणजे त्या दिवशी केसांवरून फिरलेला हात समजूतदारपणाचा नव्हता. तो आभाराचा होता. आणि मी तेव्हा टक्केवारीचा विचार करत होते.

७ एप्रिल

तोडगा सापडला असे वाटले होते. कारखान्याची तक्रार निवारण समिती आहे. स्वेच्छानिवृत्ती तीस दिवसांत मागे घेता येते. नियमपुस्तिकेत मी स्वतः वाचले. मी चार पानी अर्ज तयार केला: माहिती गोपनीयतेच्या अटीवर घेतली होती, म्हणून तिचा वापर करता येत नाही, प्रतिसादक काम बोटांनी अचूक करते, तिची प्रत्यक्ष परीक्षा घ्यावी. मुद्देसूद, कलमांसहित. आजवर लिहिलेल्यातले माझे सर्वांत चांगले लेखन.

आत्याने चारही पाने वाचली आणि घडी घालून मला परत दिली.

"समितीत किती माणसं असतात?"

मी म्हटले, सात.

"आता साहेब, रेडिओ आणि तो कागद लिहून देणारी पोर, तिघांनाच माहीत आहे. हे गेलं की सात जणांना कळणार. मग कॅन्टीनला. मग मी टेबलावर बसले की एकवीस जणी माझ्या बोटांकडे बघणार, चुकते का म्हणून." ती शांतपणे बोलत होती. "मी तिथे कान म्हणून होते ग. बहिरी म्हणून परत नाही जाणार."

मी वाद घातला. आयुष्यात प्रथमच कोणाशी वाद घातला, आणि मोठ्याने. न्याय, नियम, हक्क असे शब्द वापरले. तिने सगळे ऐकले, म्हणजे पाहिले, आणि म्हणाली, "एकदा माझं तू न विचारता सांगितलंस. आता मी नको म्हणत असताना सांगणार आहेस का?"

अर्ज फाडला नाही. पण पाठवणारही नाही.

१२ एप्रिल

चूक दुरुस्त करायची तर तीच चूक पुन्हा करावी लागते. अशा पेचाला आमच्या पुस्तकात कलम नाही. सरांना भेटले. काय झाले ते न सांगता विचारले की, वचन मोडून वापरलेली माहिती अहवालात असेल तर काय करावे. ते म्हणाले, "आता अहवाल बांधून झालाय. तोंडी परीक्षा चोवीसला आहे. तुम्ही वर्गात पहिल्या येणार आहात. असले प्रश्न नोकरी लागल्यावर पडू द्यात." ते वाईट माणूस नाहीत. जानेवारीत मीही हेच म्हटले असते.

परिशिष्टात आणखी चार जण आहेत. भट्टीवरचे एक जण, ज्यांना उंचीची भीती आहे. रंगकाम विभागातल्या एक बाई, ज्यांना पगारपत्रक वाचता येत नाही. त्यांनीही ती चौकट वाचली होती. ग्रंथालयात अहवालाची प्रत कायम राहते. पुढच्या वर्षीच्या मुलांना नमुना म्हणून माझीच दाखवतील.

२० एप्रिल

तीस दिवस परवा संपले. आत्या त्या दिवशी नेहमीच्या वेळेला उठली, वेणी घातली, आणि मग खिडकीशी बसली. कारखान्याची बस कोपऱ्यावरून गेली. तिने ती पाहिली. मी बाहेर जायचे नाव काढले नाही. दिवसभर आम्ही दोघींनी मिळून तांदूळ निवडले. आधीच निवडलेले होते.

२३ एप्रिल

सकाळी तिला सांगितले की मी प्रकल्प मागे घेते आहे आणि कारखान्यातली नोकरीही करणार नाही. ती खवळली. "वर्ष वाया घालवशील? मी सही कशासाठी केली मग?" मी म्हटले, तुझी सही मला न विचारता झाली. ती म्हणाली, अगदी आपल्या घरच्यांसारखीच आहेस, हट्टी. मग म्हणाली, "कारण लिहायचं नाही."

मी पत्र लिहायला बसले. पहिला मसुदा दोन पाने झाला. तिला वाचायला दिला. तिने बोट ठेवले: हा शब्द काढ, यावरून कळेल. विभाग काढला. 'एका ज्येष्ठ महिला कर्मचाऱ्याचे' हे काढले. 'दीर्घ सेवा' काढले. कारखान्याचा प्रकार काढला. जसजसे काढत गेले तसतसे माझ्या बाजूने सांगण्यासारखे काहीच उरेना, आणि उरले ते फक्त मी काय केले एवढेच. त्यात कोणाची ओळख पटण्याचा धोका नव्हता. ती माझी होती.

'महोदय, मी माझा प्रकल्प अहवाल मागे घेत आहे. तो तयार करताना, माहिती देणाऱ्यांना दिलेला शब्द मी मोडला. कारखान्याला दिलेल्या आणि विद्यापीठात असलेल्या सर्व प्रती नष्ट कराव्यात, ही विनंती. तोंडी परीक्षेला मी उपस्थित राहणार नाही. निकालाबाबत माझी तक्रार नाही.'

खाली माझे नाव आणि हजेरी क्रमांक. प्रत साहेबांना.

आत्याने चष्मा लावून ते दोनदा वाचले. ते परत दिले. स्वतःची खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली.

विद्यापीठाला आणि कारखान्याला ईमेलने एकाच वेळी पाठवले. २३ एप्रिल, सकाळी अकरा वाजून सतरा मिनिटे.